नागपुरात चपटा मासा पाळायचाय? मग आधी टँकचा तळ बनवा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात फ्रेशवॉटर फ्लाउंडर किंवा नुसतं सोल म्हणून दोन-अडीच इंचाचा एक चपटा तपकिरी मासा कधीकधी भेटते, काचेला चिकटलेला नाहीतर तळाशी गप पडलेला. लोकं कौतुकाने घेतात, गप्पी-टेट्राच्या रंगीत गोट्यांच्या टँकमध्ये सोडतात आणि समजतात की हा खालचा उरलासुरला कचरा खाऊन घेईल. महिना-दोन महिन्यात तो बारीक होत होत मरते आणि मग हा मासा लय नाजूक आहे असं सगळीकडे होऊन जाते. मासा नाजूक नाही हो. त्याला राहायला जो तळ पायजे, जे पाणी पायजे आणि ज्या वेळेला खायला पायजे, त्यातलं एकही त्याला आपण देत नाही. हे तिन्ही जमलं तर नागपूरच्या उन्हाळ्यातही तो मस्त राहते, फक्त टँक त्याच्यासाठी बनवावा लागते, आहे त्या टँकमध्ये त्याला कोंबून चालत नाही.

तो कुठून येते ते आधी नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याकडे हा माल बहुतेक कोलकात्याकडून येते आणि त्यात जास्त करून जो सोल असते त्याचं शास्त्रीय नाव ब्रॅकिरस पॅन. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या अभ्यासकाने गंगेतल्या माशांवर जे काम केलं त्यात १८२२ साली या माशाची नोंद केली, म्हणजे हा अस्सल आपल्या देशातला मासा आहे. याचं घर म्हणजे गंगेचं मुख, हुगळी आणि सुंदरबनच्या बाजूच्या खाड्या. तिथं दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, तळाला बारीक रेती आणि गाळ, पाणी इतकं गढूळ की खाली उजेड फारसा पोचतच नाही. आणि पाण्याचा खारेपणा वर्षभर बदलत राहते, पावसाळ्यात नदीला पूर आला की पाणी जवळजवळ गोडं होऊन जाते आणि एप्रिल-मे मध्ये नदी आटली की समुद्राचं पाणी आत घुसते. १९७५ मध्ये गंगेवरचा फरक्का बॅरेज, म्हणजे बंधारा, सुरू झाल्यावर हुगळीत गोडं पाणी जास्त यायला लागलं आणि तिथला खारेपणा कमी झाला, तरी ती खाडी आहे, तळं नाही. तर या माशाला गोडं पाणी सोसते, थोडं खारं सोसते, बदल पण सोसते. पण जन्मभर ठणठणीत गोड्या पाण्यात, टणक गोट्यांवर, वर पांढरा एलईडी लावून ठेवलं तर तो कसा टिकणार.

अमेरिकेत याचा एक लांबचा नातेवाईक आहे, हॉगचोकर म्हणतात त्याला, चेसापीक खाडी आणि हडसन नदीत भेटते. त्याच्यावर बराच अभ्यास झालेला आहे. तो अंडी खाडीच्या जास्त खाऱ्या भागात घालते, पिल्लं नदीत वर गोड्या पाण्याकडे जातात आणि मोठी होत होत परत खाली खाऱ्याकडे सरकतात. आपल्या माशाची टँकमध्ये पिल्लं होत नाहीत, दुकानात जे येतात ते सगळे खाडीतून नाहीतर नदीतून पकडलेले असतात. म्हणून छोटा असताना गोड्या पाण्यात चालला तरी वाढवताना मीठ वाढवायचं हे डोक्यात ठेवा.

आता टँक. उंची विसरून जा, या माशाला तळाची जागा लागते. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा टँक एका-दोन माशांना चांगला. दीडच फूट लांबीचा पण दोन फूट उंच शोपीस टँक असते ना, तो फुकट भेटला तरी याच्यासाठी घेऊ नका. वर झाकण पायजेच कारण हा मासा काचेवर चढत चढत पाण्याच्या काठापर्यंत येते आणि रात्री बाहेर पण पडू शकते. झाकण काचेचं न करता बारीक जाळीचं करा, का ते उन्हाळ्याच्या भागात सांगतो.

रेतीवर मात्र वेळ घालवा, इथंच अर्धी लढाई आहे. मासा दिवसभर बिनडोळ्यांची बाजू टेकवून पडून राहते, त्या बाजूला रंग नसते, कातडी मऊ असते. खाली टोकदार काही असलं की ती बाजू खरचटते, खरचटलं की लाल होते, मग जखम आणि मग संपलं. म्हणून रंगीत गोटे नको, संगमरवराची चुरी नको, बांधकामावरची क्रश सॅंड तर अजिबात नको, तिचे कण फोडलेल्या दगडाचे असतात आणि कडा धारदार राहतात. कन्हानची रेती आपल्याकडे सगळीकडे भेटते, ती नदीची असल्यामुळे कण बऱ्यापैकी गोल असतात, पण तशीच टाकू नका, तिच्यात जाडं-बारीक सगळं मिसळलेलं असते. आधी जाड चाळणीने खडे काढा, मग पिठाच्या चाळणीने एकदम धूळ काढा, मधली इडलीच्या रव्याएवढी जी राहते ती घ्या. मुठीत घेऊन दाबा आणि चोळा, हाताला टोचली तर नको. मग बादलीत पाणी निवळ येईपर्यंत धुवा, पंधरा-वीस पाणी सहज लागतात, कंटाळा करू नका. वर सांगितलेल्या मापाच्या टँकमध्ये दोन इंचाचा थर करायला साधारण ३० किलो रेती लागते. त्याहून जाड थर नको, खाली हवा पोचत नाही, काळे पट्टे पडतात आणि ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास येते, तो वायू माशाला विषारी आहे.

हा थर सैल ठेवायचं काम करायला ट्रम्पेट गोगलगाई सोडा, लांबट शंखाच्या असतात, दुकानदार बरेचदा फुकट देते. त्या दिवसभर रेतीत घुसून ती वरखाली करतात आणि थोड्या खाऱ्या पाण्यात पण जगतात. अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे रेतीच्या खाली असते तो, बसवू नका, बारीक रेतीने तो चोंदते. स्पंज फिल्टर दोन लावा, नाहीतर कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, लावून त्याच्या ओढणाऱ्या नळीवर स्पंज चढवा. दगड, लाकूड, किल्ला-पूल काही ठेवू नका, एखादं गुळगुळीत लाकूड कोपऱ्यात ठीक आहे. अर्ध्याहून जास्त तळ मोकळा पायजे. लाइट मंद.

एकदा रेती बरोबर झाली की मग बघा. मासा खाली उतरते, क्षणभर थांबते, मग अंगाभोवतीच्या परांची एक लाट डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते, रेती उडते आणि त्याच्याच अंगावर येऊन बसते. दोन-तीन लाटांमध्ये तो गायब. बाहेर फक्त दोन डोळे राहतात आणि ते दोन्ही वेगवेगळ्या दिशेला फिरतात. नीट निरखलं तर गालाजवळचे रेतीचे चार-पाच कण एका लयीत हलताना दिसतात, तो त्याचा श्वास. अंगाचा रंग पण रेतीप्रमाणे फिका-गडद करून घेते. पिल्लू असताना हाच मासा इतर माशांसारखा उभा पोहते आणि डोळे दोन बाजूला असतात, नंतर एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येते आणि मासा कायमचा आडवा होते. इतकी मेहनत करून जो तळाचा झाला त्याला तळ नीट द्यायलाच पायजे ना.

पाण्याचं म्हणाल तर इथं नागपूरकरांना थोडं सोपंच आहे. लोकं माशांसाठी आरओचं पाणी विकत आणून राहिले, याला ते नको. खाडीतल्या माशाला जड, म्हणजे खनिजं जास्त असलेलं पाणी चालते, पीएच साडेसात ते सव्वाआठ मस्त. नळाला पेंच-कन्हानचं पाणी येते त्यात क्लोरीन असते, तर बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा अँटीक्लोरीन टाका. बोअरचं पाणी जड असते म्हणून चालू शकते, पण वापरायच्या आधी टेस्ट किटने नायट्रेट बघून घ्या, आपल्याकडे काही बोअरला ते जास्त निघते.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट, समुद्री टँकचं भेटते ते. घरातलं आयोडीनवालं नको, खडे मीठ पण नको, त्यात नुसतं मीठ असते, समुद्राच्या पाण्यातली बाकीची खनिजं नसतात. सुरुवातीला लिटरला २ ग्रॅम, मग आठवड्या-दीड आठवड्याला एकेक ग्रॅम वाढवत ५ वर आणा, मासा मोठा झाला की ८ पर्यंत न्या. समुद्रात हेच लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असते, त्यावरून अंदाज येईल की आपण किती थोडं टाकून राहिलो. पाण्यात मीठ किती ते दाखवणारा हायड्रोमीटर स्वस्त आहे, घेऊन ठेवा, १.००३ ते १.००६ च्या मध्ये काटा राहिला पायजे. मीठ नेहमी बादलीत विरघळवून टाका, सरळ टँकमध्ये ओतलं तर खडे तळाशी जातात आणि तळाशीच तर मासा आहे.

टँक भरला की लगेच मासा आणू नका. फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही माशाला विषारी, वर जाऊन परत शून्यावर यायला पायजे. दुकानदार म्हणेल की आजच टाका काही होत नाही. ऐकू नका. मोली मासे टाकून सायकल करतात, म्हणजे हे बॅक्टेरिया बसवतात काही लोकं, त्यापेक्षा चिमूटभर फिशफूड रोज टाकून रिकामाच चालवा.

आता उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जाते, घरात टँकचं पाणी ३३-३४ सहज होते. खाडीतला मासा ३० अंशापर्यंत आरामात राहते, त्याच्यावर मात्र त्रास सुरू होते आणि खरा त्रास गरमीपेक्षा ऑक्सिजनचा आहे. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्याही खाली, आणि त्याच वेळी माशाला लागते जास्त. तळाशी पडून राहणाऱ्याला हे सगळ्यात आधी जाणवते. मासा सारखा काचेवर वर येऊन बसायला लागला, गाल जोरात हलू लागले की समजा हवा कमी पडून राहिली, लगेच एअर पंप वाढवा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे याचा फायदा घ्या. टँकवर जाळीचं झाकण आणि त्यावरून वाहणारा एक छोटा टेबल फॅन, बस, पाणी उडते आणि दोन-चार अंश उतरते. कूलरवाल्या खोलीत टँक असला तर अजून चांगलं, फक्त कूलरचं तोंड सरळ टँककडे नको आणि त्या खोलीत मच्छराचा स्प्रे किंवा कॉइल तर नकोच, एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडते. पश्चिमेच्या भिंतीला टँक लावू नका. लाइट जाते त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पायजे, इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्यावर घ्या.

पण फॅन लावला की एक गोष्ट होते जी साध्या टँकवाल्याला कधी कळत नाही. पाणी उडते, मीठ उडत नाही. समजा टँकमध्ये १३० लिटर पाणी आहे, लिटरला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एकूण ६५० ग्रॅम. मे मध्ये फॅनखाली रोज दोन-तीन लिटर उडू शकते. ते भरताना दर वेळी तुम्ही मीठ घातलेलंच पाणी टाकलं तर महिन्याभरात ९० लिटर पाण्यासोबत अजून ४५० ग्रॅम मीठ आत गेलं, म्हणजे लिटरला साडेआठ ग्रॅम होऊन बसलं आणि तुम्हाला पत्ताच नाही. म्हणून काचेवर मार्करने पाण्याची रेघ ओढून ठेवा आणि रोजची भरती साध्या, बिनमिठाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने करा. मीठवालं पाणी फक्त तेव्हाच जेव्हा तुम्ही जुनं पाणी काढून बदली करता, आठवड्याला पाचवा हिस्सा. आणि हो, उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चुकूनही टँकमध्ये सोडू नका, हात पोळते ते पाणी. सकाळी भरून आतल्या खोलीत ठेवलेली बादली वापरा.

एखाद्या दुपारी फारच तापलं तर फ्रीजरमधली बंद बाटली तरंगत सोडा, एका वेळी एकच. पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येते आणि फॅनचा उपयोग कमी होते, पण तोवर बाहेरचा पारा उतरलेला असते. डिसेंबर-जानेवारीत उलटं, रात्री पारा १० च्या आसपास येते, तेव्हा हीटर २४-२५ वर ठेवा. हीटर काचेला आडवा, रेतीच्या वर चार बोटं, नाहीतर मासा त्याला टेकून बसते आणि भाजते.

मासा घेताना काय बघायचं. पाठ वर धरून डोळ्यांची बाजू आपल्याकडे असताना तोंड उजवीकडे आलं तर तो सोल. पाठीचा आणि पोटाचा पर शेपटीला जोडलेला दिसेल. तोंड डावीकडे आणि अंग मागे निमुळतं होत टोकदार झालं असेल तर तो जिभेच्या आकाराचा दुसराच, कोकणात लेपा म्हणतात त्या कुळातला, तो घेऊ नका, त्याला जास्त खारं पाणी लागते. दुकानदाराला सांगून मासा काचेला चिकटू द्या आणि खालची पांढरी बाजू बघा. लाल ठिपके, खरचटलेलं, परांच्या कडा फाटलेल्या असतील तर सोडून द्या. डोक्याच्या लगेच मागे पोटाचा छोटा भाग असते, तो खळग्यासारखा आत गेलेला दिसला तर मासा कित्येक दिवस उपाशी आहे. शक्य असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, टाकायला लावा, खाल्लं तर घ्या. एवढा हट्ट करायला लाजू नका.

घरी आणल्यावर पिशवी तरंगवून लगेच ओतायची नाही. मासा पिशवीच्या पाण्यासकट बादलीत ठेवा, एअर पंपच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब बादलीत येऊ द्या, दोन तास तरी. मग मासा काढून टँकमध्ये, बादलीचं पाणी मोरीत.

खाण्यात सगळ्यात जास्त मासे मरतात, म्हणून हे लक्ष देऊन वाचा. फ्लेक्स तो खात नाही. पेलेट, म्हणजे दाणे, बहुतेक खात नाही. शेवाळ खात नाही, कचरा खात नाही. तो शिकारी आहे, रेतीतले किडे आणि बारीक कोळंबीसारखे जीव हे त्याचं खाणं, आणि ते पण अंधार पडल्यावर. काहून लोकांचा मासा उपाशी मरते? कारण ते संध्याकाळी सातला लाइट चालू ठेवून वर दाणे टाकतात, वरचे मासे फस्त करतात आणि खाली काहीच पोचत नाही. तुम्ही लाइट बंद करा, अर्धा तास जाऊ द्या, मग लांब काचेच्या नळीने नाहीतर ड्रॉपरने खाणं सरळ त्याच्या तोंडाच्या पुढे दोन इंचावर सोडा. पहिले काही दिवस जिवंतच द्या. ट्युबिफेक्स वाहत्या नळाखाली चांगलं धुऊन, दोन-तीन दिवस पाणी बदलत ठेवून मगच, कारण ते घाण पाण्यातून येते. गांडूळ खत करणाऱ्या कुणाकडून छोटी गांडुळं घ्या, धुऊन बारीक कापून द्या, यावर मासे एकदम तुटून पडतात. शेतातली औषध मारलेल्या मातीतली नको. मग हळूहळू फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, आणि बाजारातल्या ताज्या झिंग्यांचे बारीक तुकडे. रोज रात्री थोडं, आणि सकाळी उरलेलं दिसलं तर नळीने ओढून घ्या, गरमीत ते लगेच सडते. आठवड्यातून एकदा पोटाचा तो भाग बघत जा, थोडा फुगीर दिसला पायजे.

सोबतीला मोली चालतात, ऑरेंज क्रोमाइड चालतात, ते आपल्याच दक्षिणेकडच्या खाडीतले शांत मासे आहेत. काच चाटणारा सकर मासा नको, रात्री पडलेल्या माशाच्या अंगाला चिकटते. मोठे सिक्लिड नको. गप्पीची पिल्लं रात्री त्याच्या पोटात जातील.

आजारी पडला तर बहुतेक वेळा खालच्या बाजूची जखम किंवा भूक हीच कारणं. जखम असेल तर आधी रेती तपासा, वरचा थर सायफनने साफ करा, रोज थोडं पाणी बदला, बारीक जखम त्यानेच भरते. औषध द्यायचंच असेल तर वेगळ्या, बिनरेतीच्या गुळगुळीत डब्यात द्या. मोठ्या टँकमध्ये तांब्याचं औषध टाकलं तर गोगलगाई मरतात आणि त्या सडल्या की अमोनिया वाढून माशावरच येते.

कधी ठेवणं जमलं नाही तर फुटाळा किंवा अंबाझरीत सोडून येऊ नका, तिथं त्याचं काही नाही आणि दुकानातले मासे तलावात सोडणं तसंही वाईटच. ज्याच्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे अशा माणसाला द्या. आणि दिवाळीत गावाला जाणार असाल तर धडधाकट खाल्लेला मोठा मासा चार-पाच दिवस बिनखाण्याचा राहू शकते, शेजाऱ्याला खाणं टाकायला सांगण्यापेक्षा तेच बरं, शेजारी प्रेमाने मूठभर टाकते. त्यांना फक्त दोन कामं सांगा, रेघेपर्यंत साधं पाणी भरायचं आणि पंप चालू आहे का ते बघायचं.